तिसरा रकाना

प्रिय बाई,

मी मानवशास्त्र घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वाणिज्य शाखेतून इकडे आले, त्यामुळे सगळंच नवं. 'प्रमुख मानवशास्त्रज्ञ आणि त्यांचे योगदान' असा आमचा एक पेपर आहे. वहीत दोन रकाने आखलेत, नाव आणि योगदान. मॉर्गन: उत्क्रांतिवाद. बोआस: सांस्कृतिक सापेक्षतावाद. मालिनोव्स्की: कार्यवाद. मॉस: क्षेत्रकार्य, भेटवस्तू. मीड: सामोआ. अशा बावीस ओळी झाल्यात. रात्री पाठ करते आणि सकाळी रॅडक्लिफ-ब्राउन लेव्ही-स्ट्रॉसच्या जागी जाऊन बसलेला असतो.

त्यात परवा मालिनोव्स्कीच्या डायरीबद्दल वाचलं. ज्यांच्यात राहिला त्यांच्याबद्दलच इतकं वाईट लिहिणारा माणूस? बोआसने एका लहान मुलाला त्याच्या बापाचं खोटं दफन दाखवलं म्हणे. मीडचं तर सगळं खोटंच निघालं, असं वर्गातला एक मुलगा छातीठोकपणे सांगतो. मग यांचं योगदान पाठ तरी कशाला करायचं? विषय बदलायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. बदलू का?

– दोन रकान्यांत अडकलेली

प्रिय अडकलेली,

विषय बदलू नकोस. निदान या कारणांसाठी तरी नको. वही मात्र बदल.

तुझ्या वयाची असताना माझ्याही वहीत हेच दोन रकाने होते. तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी मालिनोव्स्की विचारला आणि मी नळ सोडला: कार्यवाद, मूलभूत गरजा, संस्था, सहभागी निरीक्षण. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. तो झोपायचा कुठे?" मला वाटलं थट्टा करताहेत. मी गप्प. शेवटी त्यांनीच सांगितलं, "तंबूत. आणि तंबू गावात होता. तुम्ही आत्ता जे घडाघडा म्हणालात, ते सगळं त्या तंबूतून निघालं." गुण किती पडले ते विचारू नकोस. घरी येऊन मी वहीत तिसरा रकाना आखला: कुठे बसून लिहिलं? पुढे शिकवायला लागल्यावरही तोच रकाना कामी आला. त्याने नावं लक्षात राहतात, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं त्यातच सापडतं.

(मी या मंडळींना अरेतुरे करणार आहे. इतकी वर्षं शिकवल्यावर तेवढा हक्क येतो.)

मॉर्गनपासून सुरू करू. हा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा वकील. १८४४ साली ऑल्बनीतल्या एका पुस्तकांच्या दुकानात त्याला ईली पार्कर नावाचा, सेनेका या मूळ अमेरिकी जमातीचा तरुण भेटला आणि वकिलाला नाद लागला. पार्करच्या लोकांत आईच्या बहिणीलाही आईच म्हणत, वडिलांच्या भावालाही वडीलच. आत्या आणि मामा यांना मात्र वेगळे शब्द. मॉर्गनच्या भाषेत आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना मिळून एकच शब्द, तेव्हा त्याला हे सगळं चमत्कारिक वाटलं. आपल्याला यात नवल वाटणार नाही. नात्यांची वाटणी भाषा कुठेही, कशीही करू शकते, हे आपण शाळेत जायच्या आधीच शिकलेलो असतो. त्याला मात्र ते शोधून काढावं लागलं. त्याने जगभर प्रश्नावल्या धाडल्या. तमिळमधल्या नातेशब्दांची मांडणी सेनेकांसारखीच असल्याचं दिसलं, तेव्हा तो चाटच पडला. १८७१मध्ये त्याने हे सारं छापलं आणि नातेसंबंधांचा अभ्यास ही शाखा उभी राहिली.

तुझ्या वहीत मात्र त्याच्यापुढे लिहिलंय 'उत्क्रांतिवाद'. म्हणजे रानटी, मग अर्धसंस्कृत, मग सुसंस्कृत, हा त्याचा १८७७चा जिना. तो जिना केव्हाच कोसळला. नातेशब्द शिल्लक राहिले. जे पडलं ते तू पाठ करतेयस आणि जे उभं आहे ते राहून गेलंय.

त्या काळचे बरेचसे लोक आरामखुर्चीतले. फ्रेझरने मिशनऱ्यांचे, अधिकाऱ्यांचे, प्रवाशांचे वृत्तान्त वाचून जादू आणि धर्मावर बारा खंड भरले. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यात तो कधी राहिला नाही. पुढची पायरी ओसरीची. १८९८ साली हॅडनच्या पुढाकाराने केंब्रिजची एक मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. तिथे रिव्हर्सने माणसामाणसाकडून वंशावळ उतरवून घ्यायची पद्धत बसवली. पद्धत उत्तम, पण बैठक ओसरीवरची: माणसाला बोलवायचं, दुभाष्यामार्फत विचारायचं, लिहून घ्यायचं, पाठवून द्यायचं.

आणि मग तंबू. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा मालिनोव्स्की ऑस्ट्रेलियात होता. माणूस पोलिश, पण ऑस्ट्रियाचा प्रजाजन, म्हणजे कागदोपत्री शत्रू. १९१५ ते १९१८ या काळात दोन मुक्काम करून तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. ओमाराकाना गावात तंबू ठोकला. सकाळी उठून गावातून चक्कर मारायची, कोणाच्या घरी काय शिजतंय, कोण कोणाशी भांडतंय, कोण आज कुठल्या कामाला निघालंय ते बघायचं. रोज दिसतो म्हटल्यावर लोकांनी त्याची दखल घेणं सोडलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की गावाच्या लेखी आपण एक अटळ कटकट होतो, तंबाखू वाटतो म्हणून सहन केली जाणारी.

त्या कटकटीला काय दिसलं? कुला. बेटांच्या एका मोठ्या वर्तुळात लाल शिंपल्यांचे हार घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखाची कडी उलट दिशेने. त्यासाठी माणसं होड्या बांधून समुद्र ओलांडतात, जीव धोक्यात घालतात. हार मिळाला की तो काही काळ मिरवायचा आणि पुढच्या भागीदाराला द्यायचा. कायमचा कोणाचाच नाही. बाजारहाटाची घासाघीस शेजारीच चालते, तिला वेगळं नाव आहे, आणि 'याने कुला बाजारासारखा केला' ही तिथे शिवी आहे. मालिनोव्स्कीने उपमा दिली ती एडिंबरोच्या किल्ल्यातल्या राजदागिन्यांची आणि खेळातल्या फिरत्या चषकाची. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढेच. कुलाचा पूर्ण नकाशा तिथल्या एकालाही सांगता येत नव्हता. प्रत्येकाला आपला भागीदार, आपली होडी, आपलं कर्ज ठाऊक. ओसरीवर बोलावून कितीही विचारलं असतं तरी हे हाती लागलं नसतं. १९२२च्या त्याच्या पुस्तकाचं मोल यात आहे. 'कार्यवाद' हा शब्द विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

आता बोआस. 'सांस्कृतिक सापेक्षतावाद' हा शब्द वाचून काय कळतं सांग? काहीच नाही. म्हणून त्याचा १८८९चा एक छोटा लेख सांगते. त्या काळी विद्वान म्हणत की 'आदिम' भाषांतले ध्वनी डळमळीत असतात, एकच शब्द बोलणारा कधी असा उच्चारतो, कधी तसा. बोआसने आपल्याच टिपणवह्या काढल्या. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर १८८३-८४च्या मुक्कामात त्याने एकच इन्युइट शब्द निरनिराळ्या दिवशी निरनिराळा टिपला होता. त्याच्या ध्यानात आलं की बोलणारा डळमळत नाहीये, ऐकणारा डळमळतोय. आपला 'ळ' घे. ज्याच्या भाषेत तो नाही, असा माणूस 'केळं' कधी 'केलं' लिहील, कधी 'केरं', आणि वर म्हणेल, या मराठी लोकांचं एक काही ठरलेलं नाही. तू हसशील. बोआसने हेच हसू शास्त्रात आणलं. समोरचा कच्चा आहे असं वाटलं की आधी स्वतःचा कान तपास. बाकीचा बोआस या कानातूनच निघाला. अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या कुटुंबांतल्या जवळजवळ १८ हजार जणांची मोजमापं त्याने घेतली आणि दाखवून दिलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांपेक्षा बदलते. 'वंशाचं अढळ लक्षण' म्हणून ज्या कवटीकडे बोट दाखवलं जायचं, तीच हलली. १९३३मध्ये नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत त्याचीही होती.

आणि त्याच बोआसची ती दफनाची गोष्ट खरी आहे. ती झाकायचं कारण नाही. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात नोकरीला असताना त्याने ध्रुवप्रवासी पीअरीला सुचवलं होतं की अभ्यासासाठी एखादा ग्रीनलँडचा माणूस हिवाळ्यापुरता घेऊन ये. १८९७ साली पीअरीने सहा जण आणले. त्यांना संग्रहालयाच्या तळघरात ठेवलं. काही महिन्यांत चौघे मेले. एक परत गेला. उरला मिनिक, सहा-सात वर्षांचा. त्याचा बाप किसुक वारल्यावर संग्रहालयाच्या लोकांनी एका ओंडक्याला कातडी गुंडाळली आणि पोराच्या देखत त्याचं दफन केलं. किसुकचा सांगाडा संग्रहालयात राहिला. मुलाची समजूत घालण्यासाठी तसं केलं, असं समर्थन बोआसने पुढे केलं. मिनिकला मोठेपणी खरं कळलं, त्याने वडिलांची हाडं मागितली, मिळाली नाहीत. १९१८च्या इन्फ्लुएन्झात तो गेला. हाडं ग्रीनलँडला पोचली १९९३ साली.

माझ्या वहीत हे त्याच ओळीत आहे, कवट्यांच्या मोजमापांशेजारी. वेगळं 'दोष' नावाचं पान मी केलं नाही. तिसरा रकाना इथे उपयोगी पडतो: बॅफिन बेटावर बोआस पाहुणा होता, दुसऱ्यांच्या थंडीत, दुसऱ्यांच्या मदतीवर. न्यूयॉर्कमध्ये तो यजमान होता आणि माणसं तळघरात होती. कान तपासायची सवय त्या इमारतीत त्याला सोडून गेली.

डायरीचं तसंच बघ. मालिनोव्स्की वारला १९४२ साली, पोलिश भाषेतली डायरी त्याच्या कागदपत्रांत सापडली, ती १९६७मध्ये छापून आली. तिच्यात चिडचिड आहे, दुखण्यांच्या तक्रारी आहेत, वाग्दत्त वधूची आठवण आहे, कादंबऱ्यांत तोंड खुपसून घालवलेले दिवस आहेत आणि गावकऱ्यांबद्दल खरोखर ओंगळ शब्द आहेत. ते वाचून तुला किळस आली, बरं झालं. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने मात्र नेमका प्रश्न केला: या माणसाला त्या लोकांविषयी माया नव्हती, तर मग त्याला कुला कळला कसा? म्हणजे समजून घ्यायला मायाळू मन लागतं हा आपलाच समज चुकीचा होता. भाषा शिकावी लागते, रोज जावं लागतं, लिहून ठेवावं लागतं. मी स्वतः गीर्ट्झशी पूर्ण सहमत नाही. तिरस्कार करणाऱ्याला काही गोष्टी दिसतच नाहीत, असं मला वाटतं. ट्रोब्रियंडच्या बायकांचं केळीच्या पानांच्या गठ्ठ्यांचं देणंघेणं घे. अंत्यविधीनंतर त्या असे शेकडो गठ्ठे वाटतात आणि त्यावर घराण्याची पत ठरते. १९७०च्या दशकात ॲनेट वायनर तिथे गेली तेव्हा कुठे त्याचं वजन कळलं. मालिनोव्स्कीच्या तंबूसमोर ते घडत असणारच.

मीडबद्दल त्या मुलाला एवढंच सांग: 'सगळं' खोटं निघालेलं नाही. १९२५-२६मध्ये तेवीस-चोवीस वर्षांची मीड पॅसिफिक महासागरातल्या सामोआच्या तऊ बेटावर काही महिने होती. राहिली ती गावात नाही, अमेरिकी आरोग्य केंद्रातल्या एका कुटुंबाकडे. मुली तिच्याकडे येऊन गप्पा मारत. रकान्यात हे लिहिलंस की तिच्या पुस्तकाचं बळ आणि कमजोरी दोन्ही दिसतील. पौगंडावस्थेतली वादळं निसर्गाने ठरवलेली नसून संस्कृती ती वाढवते वा शमवते, हा तिचा मुद्दा. ती गेल्यावर पाच वर्षांनी, १९८३मध्ये, डेरेक फ्रीमन या मानवशास्त्रज्ञाने तिचं सामोआचं चित्रच चुकीचं ठरवत तिच्यावर तोफ डागली. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा फ्रीमनच्याही पुराव्यांना भोकं सापडली. मधल्या काळात अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने फ्रीमनचं पुस्तक अशास्त्रीय आहे असा चक्क मतदानाने ठराव केला. शास्त्रातला वाद हात वर करून मिटवायचा हा प्रकार मला आजही हास्यास्पद वाटतो.

इव्हान्स-प्रिचर्ड मात्र सावकाश वाच, तो माझा आवडता. दक्षिण सुदानमधल्या अझांडे लोकांत धान्याची कोठारं खांबांवर असतात, दुपारी माणसं त्यांच्या सावलीला बसतात. वाळवी खांब खाते, कोठार कोसळतं, माणूस चेंगरतो. अझांडे म्हणतात, करणी. त्यांना वाळवी ठाऊक नाही असं समजू नकोस, चांगली ठाऊक आहे. कोठार का पडलं ते वाळवीने सांगितलं. पण हीच माणसं नेमकी त्याच क्षणी खाली का होती? हे वाळवी सांगत नाही. त्या उरलेल्या 'का'ला करणी हे उत्तर आहे. आपण तिथे 'योगायोग' म्हणतो आणि उत्तर दिल्यासारखं पुढे जातो. १९३७च्या त्या पुस्तकानंतर 'अंधश्रद्धा' हा शब्द मी जपून वापरायला लागले. अझांडेंमधल्या कामानंतर तो तिकडच्याच न्यूअर लोकांकडे गेला तेव्हा खर्च वसाहतीच्या सरकारचा, आणि त्या सरकारच्या फौजा नुकत्याच न्यूअरांवर चालून गेलेल्या. त्याने नाव विचारलं की समोरचा विचारणार, माझं नाव कशाला हवंय? त्याने हे सगळे टोलवाटोलवीचे संवाद प्रामाणिकपणे छापलेत. तिसरा रकाना: तंबूत, पण सरकारच्या सावलीत.

आता राहिले ते आपल्याच माणसांत परतलेले. झोरा नील हर्स्टन ही बोआसची विद्यार्थिनी. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या गावात वाढली आणि १९२७ साली लोककथा जमवायला तिकडेच गेली. पहिल्यांदा हात हलवत परतली, कारण विचारायची ती कॉलेजच्या सुरात. पुढे लाकूड कारखान्याच्या वसाहतीत लोक तिच्यापासून लांब राहू लागले. कारण काय, तर तिचा झगा १२ डॉलर ७४ सेंटचा आणि बाकीच्या बायकांचे १ डॉलर ९८चे. वर स्वतःची मोटार. लोकांना ती सरकारी हेर वाटली. मग तिने ठोकून दिलं, मी चोरटी दारू विकणारी, पोलीस मागे लागलेत म्हणून पळालेय. लगेच कथा सुरू झाल्या! आपल्या गावचं असलं की दार आपोआप उघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो झगा आठवावा.

इरावतीबाई कर्वे. इथे मात्र जीभ अरेतुरे करायला वळत नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाकडे पीएच.डी. करत होत्या. युरोपीय कवटीच्या ठेवणीतच बुद्धीचं वरचढपण दडलंय, असं फिशरला दाखवायचं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या, वंशावंशांत तसा फरक निघाला नाही, आणि प्रबंधात तसंच लिहिलं, मार्गदर्शकाच्या नाकासमोर. परत आल्यावर मोजमापं त्यांनी सोडली असंही नाही, तेही टीप. पण १९५३चं त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक उघड. भाषेभाषेतले नातेशब्द गोळा करून देशाचे चार नातेप्रदेश पाडलेत. हा मॉर्गनचाच धागा, पण प्रश्नावली धाडून नव्हे, स्वतः हिंडून.

आणि एम. एन. श्रीनिवास. १९४८ साली म्हैसूरजवळच्या रामपुरात पाटलाच्या बैलांच्या घरात त्यांनी मुक्काम टाकला. जातींचं वर जाणं, गावातल्या प्रबळ जातीचं वजन, हे सगळं तुझ्या वहीत असेल. नसेल ते असं: अठरा वर्षं निगुतीने लावलेली टिपणं, तिन्ही प्रती, १९७०च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात जाळपोळीत जळाली. मग त्यांनी पुस्तक आठवणीतून लिहिलं. ते वाचताना जाणवतं की टिपणांच्या गठ्ठ्यात जी माणसं नमुने झाली असती, ती आठवणीत माणसंच राहिली.

राहता राहिली तुझी सकाळची अदलाबदल. रॅडक्लिफ-ब्राउनची रचना डोळ्यांना दिसते: कोण कोणाशी कसं वागतं, जावई सासूला का टाळतो, कोणाची थट्टा चालते. लेव्ही-स्ट्रॉसची रचना डोळ्यांना दिसत नाही, ती मिथकांच्या आणि विवाहनियमांच्या मागे, मनाच्या ठेवणीत आहे. पहिला बाहेर बघतो, दुसरा आत. लेव्ही-स्ट्रॉसचं माझं फारसं कधी जमलं नाही, म्हणून त्याच्यावर जास्त लिहीत नाही. तुझ्या शिक्षकांना विचार.

पेपरसाठी बावीस ओळी नकोत. सात-आठ जण असे तयार कर की प्रत्येकाची बसायची जागा, तिथून दिसलेली एक गोष्ट आणि तिथून न दिसलेली एक गोष्ट तुला सांगता येईल. कोठाराचं प्रकरण आणि कुलाचं एक प्रकरण मुळातून वाच, सारांशातून नाही.

आणि वहीतली एक ओळ आजच दुरुस्त कर. मॉसपुढे तू 'क्षेत्रकार्य' लिहिलंयस, ते खोड. तो क्षेत्रकार्याला कधी गेलाच नाही. मालिनोव्स्कीचा कुला आणि बोआसने वर्णन केलेला उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा पॉटलॅच, म्हणजे मोठाल्या भेटी वाटायचा समारंभ, शेजारी शेजारी ठेवून त्याने १९२५मध्ये दाखवलं की भेट कधीच फुकट नसते: द्यावी लागते, घ्यावी लागते, फेडावी लागते. तिसऱ्या रकान्यात लिही: पॅरिस, टेबल, दुसऱ्यांच्या वह्या.

तुझी,
बाई